फ्रेम केलेली अमूर्त प्रिंट घेताना आधी मागची बाजू बघा

अमूर्त चित्राचे रंग सगळेच निरखतात. मुंबईत मात्र आधी फ्रेम उलटी करा. मागे उघडा पुठ्ठा किंवा साधं एमडीएफ असेल तर पावसाळ्यात ते ओल धरतं, फुगतं आणि कागदावर बुरशीचे तपकिरी ठिपके पडतात. मागच्या चारही कडा टेपने बंद हव्यात, आतला माउंट बोर्ड (चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट) अ‍ॅसिड-फ्री, म्हणजे आम्ल नसलेला हवा.

माउंट फक्त शोभेसाठी नसतो. त्यामुळे कागद आणि काच यांच्यात फट राहते. कागद काचेला टेकला की दमट हवेत शाई काचेला चिकटू शकते आणि सोडवताना चित्राचा थरच निघून येतो. हे नुकसान सहसा भरून येत नाही. माउंट नकोच असेल तर कडेला स्पेसर, म्हणजे काच आणि कागद दूर ठेवणारी पातळ पट्टी, घालायला सांगा.

शाई पिगमेंटची (बारीक रंगकणांची) आहे ना, विचारा. डायची (विरघळलेल्या रंगाची) शाई उजेडात लवकर फिकी पडते. फाइलवरून छापून घेणार असाल तर २४ × ३६ इंचांसाठी निदान ४८०० × ७२०० पिक्सेल असावेत.

सोफ्याच्या वर लावणार असाल तर फ्रेमची रुंदी सोफ्याच्या दोन-तृतीयांश ठेवा, म्हणजे सहा फुटी सोफ्यावर चार फूट. पैसे देण्याआधी त्या मापाची वर्तमानपत्रं भिंतीवर चिकटवून बघाच. चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ ते ६० इंचांवर ठेवा. पावसाचा मारा बसणारी किंवा बाथरूमलगतची भिंत टाळा. दुसरी भिंतच नसेल तर फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यांना मागून रबरी बटणं लावा, म्हणजे मागे हवा खेळती राहील.