युक्रेनच्या मदतीवरील अमेरिकी जनमत चाचणी कशी वाचावी

युक्रेनला दिल्या जाणाऱ्या मदतीवरून अमेरिकेतील जनमत दुभंगले आहे, अशी बातमी वाचली की आकड्यांकडे वळण्यापूर्वी लोकांना नेमके काय विचारले होते ते मूळ अहवालात शोधावे. ‘मदत गरजेपेक्षा जास्त होते आहे का?’ आणि ‘मदत बंद करावी का?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, कारण खर्च जास्त वाटणारा प्रत्येक जण युक्रेनला वाऱ्यावर सोडा असे म्हणत नाही.

त्यानंतर सर्व पर्यायांची उत्तरे शेजारी शेजारी मांडावीत. प्यू रिसर्च सेंटरच्या डिसेंबर २०२३ च्या चाचणीत ३१ टक्के लोकांना मदत फार जास्त, २९ टक्क्यांना योग्य आणि १८ टक्क्यांना अपुरी वाटत होती. उरलेल्यांचे निश्चित मत नव्हते. ‘फार जास्त’ म्हणणारा गट सर्वांत मोठा, हे खरेच; पण मदत योग्य किंवा अपुरी मानणारे मिळून ४७ टक्के होतात, हेही तितकेच खरे. बातमीने यांपैकी एकच बाजू सांगितली असेल, तर दुसरी बेरीज आपण स्वतः करावी.

बदल तपासताना एकाच संस्थेने विचारलेल्या एकाच प्रश्नाची तुलना करावी. प्यूच्याच चाचण्यांत मदत फार जास्त म्हणणारे रिपब्लिकन मार्च २०२२ मध्ये ९ टक्के होते, ते डिसेंबर २०२३ पर्यंत ४८ टक्क्यांवर गेले. हा फरक नमुन्यातील त्रुटीचा, म्हणजे सर्वांऐवजी थोड्याच लोकांना विचारल्याने येणाऱ्या चुकीचा, नव्हे. मात्र हजार जणांच्या चाचणीतील तीनशे जणांच्या उपगटात सुमारे सहा टक्क्यांची चूक संभवते, त्यामुळे अशा गटातील तीन-चार टक्क्यांच्या चढउतारावरून निष्कर्ष काढू नये.

पैसा कुठे जातो हेही पाहावे, कारण माझ्या मते सर्वाधिक गैरसमज इथेच होतात. एप्रिल २०२४ मध्ये युक्रेनच्या मदतीसाठी मंजूर झालेल्या सुमारे ६,१०० कोटी डॉलरपैकी जवळपास २,३०० कोटी डॉलर अमेरिकेची स्वतःची शस्त्रकोठारे पुन्हा भरण्यासाठी होते. करदात्याच्या कष्टाच्या पैशाचा आणि युक्रेनमधील माणसांच्या जिवाचा प्रश्न असताना ही रक्कम सरसकट ‘परदेशी गेलेला पैसा’ म्हणून मोजणे दोघांवरही अन्याय करणारे आहे.

शेवटी चाचणीची सांगड प्रत्यक्ष मतदानाशी घालावी. २० एप्रिल २०२४ रोजी अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधीगृहात या मदतीचे विधेयक ३११ विरुद्ध ११२ मतांनी संमत झाले. विरोधातील सर्व ११२ मते रिपब्लिकनांची होती, पण त्याच पक्षाच्या १०१ सदस्यांनी बाजूने मत दिले. म्हणजे फूट दोन पक्षांमध्ये होती तशीच एका पक्षाच्या आतही होती.