महिन्याचा बाजार कुठं करायचा? रविवार पेठ, मार्ट की गल्लीतलं दुकान

आमच्या बेळगावातल्या घरी दर महिन्याच्या पाच-सहा तारखेला एकच वाद असतोय. नवरा म्हणतोय मार्टला जाऊया, एसी आहे, ट्रॉली आहे, सगळं एका छताखाली मिळतंय. आत्ती (म्हणजे माझ्या सासूबाई) म्हणतात, ठोक बाजाराची रविवार पेठ सोडून कुठंबी बाजार भरला की पैसे पाण्यात. आणि मी, खरं सांगू तर, कोपऱ्यावरच्या दुकानात व्हॉट्सॲपवर यादी टाकून मोकळी होत होते. पण तेलापासून दुधापर्यंत सगळंच वर जायला लागलं (आपल्या कर्नाटकातलं नंदिनीचं दूध १ एप्रिल २०२५ ला एका दिवसात लिटरमागं ४ रुपयांनी वाढलं, आठवतंय ना), तेव्हा एक वही घेतली आणि तीन महिने नीट लिहून काढलं की काय कुठं खरंच स्वस्त पडतंय. निघालं असं की तिघांचंबी थोडं थोडं बरोबर होतं. एकच स्वस्त दुकान असं काही नसतंयच, स्वस्त असतात ते त्या त्या दुकानातले चार-पाच जिन्नस. ते कसं शोधायचं ते सांगते, बेळगावच्या हिशेबानं सांगते, पण खानापूर, निपाणी, संकेश्वर कुठंबी असाल तरी पद्धत तीच.

पहिलं काम, मागच्या दोन महिन्यांची बिलं काढा. नसतील तर डबे उघडून आठवा. सगळ्या जिन्नसांपुढं महिन्याला किती रुपये जातात ते लिहा आणि मोठ्यातनं लहानाकडं लावा. आमच्यात पाच माणसं, निम्म्यापेक्षा जास्त पैसे सहा-सात वस्तूंतच जात होते: तांदूळ, तेल, ज्वारी-गहू, तूरडाळ, शेंगदाणे, साखर-गूळ, आणि साबण-पावडर. बाजार कुठं करायचा हे फक्त या सातांसाठी ठरवायचं. मोहरी, हिंग, पापडखार जिथं असाल तिथनं घ्या. ५० ग्रॅम जिऱ्यात दोन रुपये वाचवायला आख्खी पेठ हिंडणारी माणसं माझ्या ओळखीत आहेत, आणि तीच तेलाचा डबा पहिल्या दुकानात भाव न विचारता उचलतात.

दुसरं काम म्हणजे भावाची वही. एकाच आठवड्यात, जमलं तर एकाच दिवशी, तीन ठिकाणचे भाव लिहायचे, कारण भाव हलतात, आणि मागच्या पंधरवड्याचा पेठेतला भाव आजच्या मार्टच्या भावाशी लावला की हिशेब फसतोच. भाव किलोमागं लिहायचा, पाकिटामागं नाही. तेलात तर हमखास फसायला होतंय. पाकिटं सगळी सारखीच दिसतात, पण एकावर १ लिटर असतंय, दुसऱ्यावर नुसते ग्रॅम लिहिलेले असतात, आणि १ लिटर सूर्यफूल तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. म्हणजे ८५० ग्रॅमचं पाकीट सहा रुपयांनी स्वस्त दिसलं म्हणून उचललं तर ते महागच पडलेलं असतंय. डब्याचंबी तेच, १५ लिटरचा की १५ किलोचा ते आधी विचारा, दोन्हीत सव्वा किलोच्या वर फरक आहे. पाकिटावर एमआरपीच्या जवळ बारीक अक्षरात ग्रॅममागचा किंवा किलोमागचा भाव छापलेला असतो, चष्मा लावून तो वाचायची सवय लावा.

आणि माल एकच हवा. तांदळात हे सगळ्यात अवघड, कारण आपल्याकडं सोना मसुरी, इंद्रायणी, इंटान, बेळगाव बासमती अशी दहा नावं आणि प्रत्येकात नवा-जुना. जुना तांदूळ महाग असतो पण शिजल्यावर फुगतो, मोकळा होतो, पाच माणसांना वाटीभर कमी लागतो. नवा स्वस्त, पण गिचका होतो आणि जास्त खपतो (मला स्वतःला नव्या इंद्रायणीचा मऊ भात आवडतो, पण घरात माझं कोण ऐकतंय). म्हणून मी अर्धा-अर्धा किलो नमुना आणून शिजवून बघते, मगच पोतं.

आता पोत्याचं आलं म्हणून, कराची एक गोष्ट माहीत असूद्या. १८ जुलै २०२२ पासून पाकीटबंद, लेबल लावलेलं धान्य, डाळ, पीठ यावर ५ टक्के जीएसटी आहे, पण तो २५ किलोपर्यंतच्या पाकिटावर. त्याच्यावरच्या पोत्यावर नाही, आणि दुकानदार मोठं पोतं फोडून तुमच्यासमोर सुटं मोजून देतो त्याच्यावरबी नाही. तांदळाची पोती २६ किलोची का दिसतात त्याचं उत्तर हेच. समजा तांदूळ ६० रुपये किलो आहे, तर २५ किलोच्या पाकीटबंद पिशवीत ७५ रुपये नुसता कर. सुटं घेताना मात्र मूठभर हातात घेऊन बघा, खडे किती, चुरा किती, किडा आहे काय. किलोला दोन रुपये वाचवून ओंजळभर खडे निवडत बसायचं असेल तर त्यात काही राम नाही.

उलट अंगाच्या साबणाची वडी, शॅम्पू, टूथपेस्ट यांचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ टक्क्यांवर आला, तूप-लोण्याचा १२ वरून ५ वर. कपडे धुवायची पावडर मात्र १८ वरच राहिली. म्हणून वहीत या वस्तूंचे जुने भाव असतील तर खोडून नवीन लिहा.

सीमेवरच्या माणसांना एक खास सांगते. आपल्यात एक समज आहे की पलीकडं गेलं की स्वस्त मिळतंय. महाराष्ट्रातले शिनोळीवाले इकडं येतात, आपण कोल्हापूरला लग्नाला गेलो की डिकी भरून आणतो. पण जीएसटी दोन्ही राज्यांत सारखाच आहे. कराचा फरक पडतो तो पेट्रोल-डिझेल आणि दारूत, कारण ते जीएसटीत नाहीत. किराण्यात फरक पडला तर तो दुकानाचा असतो, राज्याचा नाही. आम्ही एकदा नुसत्या ऑफरच्या नादानं कोल्हापूरला गेलो, जाऊन-येऊन दोनशे किलोमीटरच्या वर, टोल, जेवण, पोरांचं आईस्क्रीम. बिलावर ‘आपण वाचवले’ म्हणून ४१२ रुपये छापून आले होते. ते बिल नवऱ्यानं दोन दिवस फ्रीजवर लावलं होतं, मग मी पेट्रोलचं बिल शेजारी लावलं, तेव्हा दोन्ही गायब झाली. तिकडं काम असेल तर जरूर आणा, पण बाजारासाठी म्हणून जाऊ नका. कोल्हापुरी गूळ इथंबी मिळतोय की.

तिसरं काम, कुठल्या ठिकाणी काय घ्यायचं ते वाटून टाका. माझ्या वहीतनं निघालं ते असं.

रविवार पेठ ही तांदूळ, डाळ, शेंगदाणे, साखर, गूळ, मिरची यांच्यासाठी. सगळी ठोकाची दुकानं, पण घरगुती गिऱ्हाईकालाबी देतात. जाऊन ‘डाळ कशी दिली’ विचारण्याऐवजी ‘पाच किलोला काय भाव, दहाला काय’ असं विचारा, भाव तिथंच खाली येतो. दोन दुकानं फिरा, चार नको, भावात फार फरक नसतो आणि ऊन लागतं ते वेगळं. वाहनं लावायला जागा नसते म्हणून सकाळी लवकर, पोत्यांचे टेम्पो-हातगाडे वाढायच्या आत. दहा-दहा किलो एकट्यानं घेण्याएवढा खप नसेल तर शेजारणीला जोडीला घ्या. आम्ही तिघी मिळून तूरडाळ आणतो आणि घरी काट्यावर वाटून घेतो, त्यात पैशापेक्षा गप्पाच जास्त होतात ते सोडा.

शनिवारचा बाजार भाजीचा. गणपत गल्ली, खडे बाजार भागात आसपासच्या खेड्यांतल्या बायका बुट्ट्या घेऊन बसतात, कडोलीची भाजी, आपल्या पश्चिम भागातली रताळी. सकाळी माल ताजा आणि भाव चढा, दिवेलागणीला भाव पडतो कारण त्यांनाबी शेवटची बस गाठायची असते. पालेभाजी सकाळी घ्या, कांदा-बटाटा-लसूण सांजच्याला. आपल्या भाजीचा भाव गोव्यावर फार अवलंबून असतो, तिकडं रोज गाड्या भरून माल जातो, गणपती-दिवाळीला तिकडची मागणी वाढली की इथं वांगंबी महाग. त्या आठवड्यात मोड आणलेली मटकी-मसुरी करा, भाजीच्या मागं लागू नका.

मार्ट कशासाठी? साबण, पावडर, चहा, बिस्किट, फिनेल, आणि ऑफर खरी असेल तर तेल. एमआरपी छापलेल्या मालावर तिथं खरंच सूट मिळते, पेठेत त्यावर दोन-चार रुपयांच्या वर कोण सोडत नाही. पण मार्टला यादी घेऊन जा, पोट भरून जा आणि पोरांना घरी ठेवा. मी तीन महिने लिहिलं, तिन्ही वेळा यादीबाहेरचं सामान वाचलेल्या पैशापेक्षा जास्त निघालं. पहिल्या महिन्यात तर प्लॅस्टिकचा डबासेट, जो अजून वापरला नाही. ‘एकावर एक फ्री’ असेल तर तारीख बघा, आणि दोन्ही संपणार आहेत काय ते विचारा स्वतःला.

काही मिनिटांत आणून देणारी ॲप आता बेळगावच्या बायकांच्या मोबाईलमध्येबी आली आहेत. पाहुणे दारात आणि घरात साखर नाही, तेवढ्यासाठी ठीक. डिलिव्हरीचे, हाताळणीचे म्हणून पैसे शेवटी लावतात ते धरून भाव लिहा.

गल्लीतल्या दुकानाबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. किलोमागं दोन-पाच रुपये जास्त जातात हे खरं. पण तो उधारी लिहून घेतो, खराब डाळ परत घेतो, रात्री साडेनऊला शटर अर्धं वर करून दूध देतो. लॉकडाऊनमध्ये आमच्या गल्लीला त्यानंच जगवलं. महिन्याचं सगळं बाहेरनं आणून त्याच्याकडं फक्त उधारीला गेलं तर तो किती दिवस टिकणार? म्हणून रोजचं लागणारं आणि बारीकसारीक सगळं आम्ही त्याच्याकडंच ठेवलंय. फक्त उधारीची वही दर आठवड्याला बघा, कारण उधारीत भाव विचारायची लाज वाटते आणि महागाई तिथनंच घरात शिरते.

रेशन कार्ड असेल तर ते आधी मोजा. कर्नाटकच्या अन्नभाग्य रेशन योजनेत जादा ५ किलो तांदळाचे पैसे खात्यावर येत होते, फेब्रुवारी २०२५ पासून त्याऐवजी तांदूळच द्यायला लागले. रेशनचा तांदूळ भातासाठी आवडत नसेल तर डोशाला, इडलीला, भाकरीच्या पिठात मिसळायला चालतो. रेशनवर मिळेल तेवढा तांदूळ यादीतनं आधी वजा करा आणि मगच पोत्याचा विचार करा.

चौथं काम, जाण्यायेण्याचा खर्च. हा कोणच धरत नाही. समजा पेठेत तांदळात किलोला ४ रुपये वाचले, २० किलोचे ८०. डाळीत १० प्रमाणं ३ किलोचे ३०. शेंगदाणे-साखरेत आणखी ३०. एकूण १४०. स्कुटी सहा किलोमीटर जाऊन सहा यायची, २५-३० रुपयांचं पेट्रोल. तरी शंभरच्या वर उरतात. पण पोतं जड झालं म्हणून येताना रिक्षा केली तर सगळं गेलं. इथं आम्हा बायकांचा एक फायदा आहे, ११ जून २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत सरकारी साध्या बसला तिकीट नाही, आधार दाखवलं की झालं. म्हणून आत्ती आणि मी बसनं जातो, डाळ-मिरची पिशवीतनं आणतो, आणि पोतं नवरा रविवारी स्कुटीवर पायाशी ठेवून आणतो, तोंड वाकडं करून.

पेठेत महिन्यातनं एकदाच जा. दर आठवड्याला गेलात तर वाचलेलं सगळं चहा-वड्यातच जातंय.

शेवटचं, वर्षाचं काय भरून ठेवायचं. नवीन भात दिवाळीनंतर, नोव्हेंबर-डिसेंबरात येतं. ओळखीचा शेतकरी असेल, येळ्ळूर-वडगाव-खानापूरकडं कुणाचं ना कुणाचं असतंयच, तर थेट त्याच्याकडनं घेऊन जुनं करायला ठेवा. तूरडाळ जानेवारी-फेब्रुवारीनंतर, ज्वारी सुगी झाल्यावर फेब्रुवारी-मार्चात, सौंदत्ती-बैलहोंगलकडची. ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची उन्हाळ्यात, चटणी कुटायच्या आधी, पण ढगाळ दिवसात घेऊ नका, मिरची ओल धरते, वजनात मार बसतो आणि नंतर बुरशी. तेल मात्र कधी भरून ठेवू नका. आयात कराच्या निर्णयावर त्याचा भाव खालीवर होतोय, सप्टेंबर २०२४ मध्ये कर वाढवला तसं चढलं, मे २०२५ मध्ये कच्च्या तेलावरचा कमी केला. आम्ही चढत्या भावात घाबरून दोन डबे घेतले आणि दुसरा उघडला तेव्हा खवट वास. महिन्याला लागेल तेवढंच.

साठवायचं धान्य आधी दोन दिवस कडक उन्हात घाला, पूर्ण गार झाल्यावर डब्यात भरा, गरम भरलं की वाफ धरतंय आणि महिन्यात पोरकिडे. कडुलिंबाचा वाळलेला पाला घाला. आणि पावसाळ्यापुरतं भरताना जरा हात आखडता घ्या, आपल्याकडं जून ते सप्टेंबर भिंतीलाबी पाणी सुटतं, पोतं जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा, भिंतीपासून हातभर लांब.