बाळ बघायला गोतावळा येणार, त्याआधीची तयारी

तारीख ठरवायला बसाल तेव्हा पंचांगाशेजारी बाळाचं लसीकरण कार्डही ठेवा. बाराव्या दिवसाचं बारसं घरच्या घरी करावं. आजी-आजोबा, आत्या, मामा-मामी एवढी माणसं पुरतात. इंदुराबाहेरचे देवास, उज्जैन, धारचे नातेवाईक, शेजारपाजार, बाबांच्या ऑफिसातली मंडळी या सगळ्यांना मात्र दीड महिन्याची लस झाल्यावरच बोलवा. बीसीजी, पोलिओ आणि हिपॅटायटिस बी या लसी जन्मतःच मिळतात, पण डांग्या खोकल्याविरुद्धचा पहिला डोस सहा आठवड्यांना असतो, आणि तोही पुढचे डोस झाल्यावरच पुरेसा आधार देतो. टोचल्यानंतर एक-दोन दिवस बाळ किरकिरतं, कधी कणकण येते. म्हणून लस आणि कार्यक्रम यांत आठवडाभर जाऊ द्या. बाळ दिवस भरायच्या आधी झालं असेल किंवा वजन कमी असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणालाही तारीख सांगू नका.

तयारीची ही यादी बाळाच्या आईच्या हातात द्यायची नाही, हे मी अगदी आग्रहाने सांगते. आपल्या घरांत पाहुणे म्हटलं की बाळंतीण उठते आणि चहाचं आधण ठेवते. टाके ओढत असतात, रात्रीची झोप झालेली नसते, तरी उठते. त्या दिवशी तिचं काम एकच: बसायचं, खायचं आणि बाळाला पाजायचं. बाकी सगळं बाबा, आत्या, काका-काकू वाटून घेतील, आणि कोण काय करणार हे आदल्या दिवशीच ठरेल.

निमंत्रण व्हॉट्सअॅपवर चालेल, पण त्यात कार्यक्रम संपायची वेळही लिहा. इंदुरात थंडीच्या दिवसांत अकरा ते एक बरं, उन्हाळ्यात संध्याकाळी साडेपाच ते साडेसात. दोन तास भरपूर झाले. माणसं पंचवीसच्या वर जात असतील तर सासरची मंडळी आधी आणि माहेरची नंतर असं सांगा. खोलीत एका वेळी सात-आठ जणच असावेत. निमंत्रणात हेही लिहाच: ‘सर्दी, खोकला, ताप असेल तर पुढच्या आठवड्यात निवांत या, बाळ इथेच आहे.’ माणसं असं वाचून रागावत नाहीत. उलट ज्याला यावं की नाही कळत नसतं, त्याची सुटका होते.

आता खोली. रामबागेतलं जुनं घर असो की सुदामा नगरातलं नवं, बाळासाठी आतली एक खोली पूर्ण मोकळी ठेवा. तिथे बाळाला पाजता येईल, आईला दार लावून पाय पसरता येतील, आणि आत यायचं तर विचारूनच. पाळणा बाहेरच्या खोलीत मांडा, पण पंख्याच्या झोताखाली नको आणि स्वयंपाकघराच्या दाराशी नको, कारण फोडणीचा ठसका तिथवर येतो. धूप, उदबत्ती, डासांची अगरबत्ती त्या दिवशी नाहीच. पावसाळ्यानंतर डेंग्यूचे डास असतात, तेव्हा मच्छरदाणी लावा. झोपलेलं बाळ पाठीवर असू द्या, आणि पाळण्यात उशी, लोड, मऊ खेळणी ठेवू नका. फुगे-झिरमिळ्या लावायच्या तर दारावर लावा. स्पीकर आणू नका. पाळणा म्हणणाऱ्या आजी, मावश्या घरात आहेत, आणि त्यांचा आवाज बाळाला पुरे होतो.

दाराशी पाण्याची व्यवस्था, साबण आणि स्वच्छ नॅपकिनांची चळत हवी. पाहुण्यांनी आल्या आल्या हात धुवायचे, मग बाळाजवळ जायचं. पापा घ्यायचा नाही, गालाचाही नाही आणि हाताचाही नाही, कारण तो हात बाळ लगेच तोंडात घालतं. मोठ्यांच्या ओठांवर उठणाऱ्या नागिणीसारख्या फोडांचा विषाणू नवजात बाळाला फार जड जाऊ शकतो. हे सांगायला घरातलं एक माणूस नेमा, आणि शक्यतो आजीलाच नेमा. बाबांनी ‘नको’ म्हटलं तर कुणी हसून पुढे जाईल; आजींनी म्हटलं तर तिथेच थांबेल. बाळाला या मांडीवरून त्या मांडीवर फिरवत न्यायचं नाही, हेही त्याच सांगतील. ज्यांना घ्यायचं आहे त्यांनी खाली बसून, मान धरून, दोन मिनिटं घ्यावं. शहाळं, घुट्टी, मध, पाणी काहीही चाटवायचं नाही: पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, आणि मध तर वर्ष होईपर्यंत नाहीच, त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. तीट लावायची हौस असेल तर पायाच्या तळव्याला लावा. डोळ्यांत काजळ नको, काही काजळांत शिसं सापडतं. नोटा बाळाच्या मुठीत देऊ नयेत. त्यासाठी बाजूला एक ताट ठेवा, आणि कुणी काय दिलं ते लिहायला एक भाची वही घेऊन बसेल.

फराळ इंदुरी ठेवा, करायला सोपा आणि सगळ्यांना आवडणारा. वीस माणसांना दीड किलो पोहे आणि दोन किलो जिलबी पुरते. पोहे उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर चाळणीत ठेवले की शेवटच्या पाहुण्यालाही गरम मिळतात; वरून शेव, बारीक कांदा, जिरावण हा इंदुरी मसाला, लिंबू. जिलबी आदल्या दिवशी सांगून ठेवा, आयत्या वेळी नाक्यावर उभं राहणारं माणूस घरात कमी पडतं. घुगऱ्यांसाठी अर्धा किलो हरभरे रात्री भिजत घाला. बाळंतिणीचं ताट वेगळं आणि सगळ्यांच्या आधी: मऊ भात, मुगाचं वरण, तूप, मेथीची भाजी, अळिवाची खीर, तांब्याभर कोमट पाणी. पाहुणे यायच्या अर्धा तास आधी तिचं जेवण झालेलं असलं पाहिजे.

काय आणू, असं लोक विचारतातच. संकोच न करता सांगा. सगळे अगदी छोटी झबली आणतात, आणि ती महिन्याभरात आखूड होतात. सहा महिने ते वर्षाच्या मापाचे सुती कपडे सांगा, दुपटी सांगा. शीतलामाता बाजारात मऊ सुती कापड मिळतं, शिवणारी मावशी असेल तर त्याहून चांगलं काही नाही. चांदीचे वाळे सराफ्यातून घ्यायचे तर दिवसा जा; रात्री तिथे खाऊगल्ली भरते. घुंगरू सैल असलेले वाळे बाळाला सतत घालून ठेवू नका.

बाळाला मोठं भावंड असेल तर त्याला दारात उभं करून पेढे वाटायला द्या, आणि आल्यागेल्याने आधी त्याच्याशी बोलावं असं घरच्यांना सांगून ठेवा. फोटो सगळ्यांनी काढावेत, पण स्टेटसवर टाकायचे ते आई-बाबांना विचारून.

कचऱ्याच्या पिशव्या सकाळीच वेगळ्या लावा: ओला, सुका आणि डायपर. थर्माकोलच्या ताटल्यांपेक्षा शेजाऱ्यांकडून स्टीलच्या प्लेटी मागून घ्या.

इतकी माणसं, इतके आवाज झाल्यावर संध्याकाळी बाळ रडेल, वरचेवर प्यायला मागेल. दिवे मंद करा, त्या दिवशी मालीश-अंघोळ राहिली तरी चालेल. थर्मामीटर हाताशी असू द्या. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांकडे न्या. उरलेली जिलबी त्याच संध्याकाळी शेजारी पोचवा, आणि प्लेटी धुऊन परत करायचं काम बाबांचं.