नाताळ पाळावा की नाही, हे घरात कसे ठरवावे

डिसेंबर उजाडला की नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक ठरावीक संदेश फिरू लागतो: २५ डिसेंबर हा मुळात रोमी सूर्यदेवाचा दिवस, सजवलेले झाड बायबलमधील निम्रोद राजाचे, ईस्टर हे इश्तार देवीचे नाव, म्हणून खऱ्या विश्वासणाऱ्याने या साऱ्यापासून दूर राहावे. एका वर्षी आमच्याकडे यावरून इतके वाजले की करंज्या तळून झाल्या होत्या, उपासनेचे कपडे इस्त्री करून ठेवले होते आणि मामेभाऊ ना उपासनेला आला ना जेवायला. पुढच्या वर्षी आम्ही आधीच बसून ज्या रीतीने हा प्रश्न सोडवला, ती येथे मांडत आहे. निर्णय प्रत्येक घराचा वेगळा होऊ शकतो. आमच्याही घरात तो सर्वांचा एकच झाला नाही.

सुरुवात कागदापासून करावी. ‘नाताळ पाळावा का’ हा प्रश्न अखंड ठेवला, तर त्याला हो किंवा नाही एवढेच उत्तर संभवते आणि भांडण तेथेच जुंपते. म्हणून तारीख, उपासना, झाड, दारावरचा तारा, केक, फराळ, भेटवस्तू, सांताक्लॉज अशा गोष्टी सुट्या लिहाव्यात आणि प्रत्येकीपुढे तीन बाबी तपासाव्यात: ही प्रथा कोठून आली याचा पुरावा काय, आज ती करताना भक्ती कोणाची होते, आणि ती पाहून मंडळीतील किंवा घरातील कोणाला ठेच लागते.

मुळाचा शोध घेताना सर्वाधिक वेळ तारखेवर द्यावा, कारण ऐकीव माहिती तेथेच सर्वाधिक आहे. शुभवर्तमानांत जन्माची तारीख नाही, हे प्रथम मोकळेपणाने मान्य करावे. सम्राट ऑरेलियनने इ. स. २७४ मध्ये ‘अजिंक्य सूर्या’साठी रोममध्ये मंदिर अर्पण केले, हेही खरे. परंतु सूर्याचा उत्सव २५ डिसेंबरला होत असल्याची सर्वांत जुनी नोंद इ. स. ३५४ च्या एका रोमी संग्रहात सापडते, आणि त्याच संग्रहातील दुसऱ्या एका यादीत, जी ३३६ च्या सुमाराची मानली जाते, याच तारखेला ख्रिस्ताचा जन्म नोंदवलेला आहे. म्हणजे कोणी कोणाकडून घेतले हे त्या कागदांवरून सिद्ध होत नाही. ख्रिस्ती लोकांनी सूर्याच्या सणावरून ही तारीख घेतली असे सरळ म्हणणारे सिरियाक (पूर्वेकडील ख्रिस्ती लोकांची जुनी भाषा) टिपण तर थेट १२ व्या शतकातले आहे. उलट बाजूने प्राचीन मंडळीचा धर्मपंडित ऑगस्टीन सांगतो की प्रभू २५ मार्चला गर्भात आला आणि त्याच दिवशी मरण पावला अशी समजूत होती. तेथून नऊ महिने मोजले की २५ डिसेंबर येतो. मला हा हिशेब अधिक पटतो, पण तोही अनुमानच आहे. सॅटर्नेलिया हा रोमी सण १७ डिसेंबरला सुरू होऊन २३ तारखेच्या आसपास संपत असे, त्यामुळे त्याला २५ तारखेशी जोडताना जपून बोलावे. (जाता जाता: आपला ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगिजांमार्फत लॅटिन ‘नातालिस’ म्हणजे जन्माचा दिवस यावरून आला, आणि सूर्याच्या सणाच्या नोंदीतही हाच शब्द आहे. शब्द सारखा म्हणून भक्ती सारखी ठरत नाही.)

ईस्टरच्या बाबतीत काम सोपे आहे. इंग्रजी नावाचा संबंध इओस्त्रे नावाच्या देवीशी जोडणारा जुना आधार एकच, आठव्या शतकातील बीड या मठवासीयाचा, आणि तोही फक्त इंग्लंडमधील महिन्याच्या नावापुरता. इश्तारशी असलेले नाते केवळ उच्चाराच्या साम्यावर उभे आहे. निम्रोद आणि त्याची राणी म्हणून सांगितली जाणारी सेमिरामिस यांची कथा मुख्यतः अलेक्झांडर हिस्लॉप या स्कॉटिश पाळकाच्या १९ व्या शतकातील लेखनातून पसरली आणि तिला प्राचीन आधार नाही. ग्रीक आणि लॅटिन भाषांत या सणाचे नाव पास्खा, म्हणजे आपल्या मराठी शास्त्रातील वल्हांडण. आमच्या पुण्यातल्या कॅम्पातील लाल देवळात, म्हणजे १८६७ मध्ये पूर्ण झालेल्या ओहेल डेव्हिड सिनेगॉगमध्ये, प्रार्थनेला येणारे यहुदी जो सण पाळतात, त्याच्याशी पुनरुत्थान दिनाचे नाते उघड आहे.

झाडाविषयी यिर्मयाचा १० वा अध्याय हमखास पुढे केला जातो. तो मोठ्याने आणि पुढच्या ओळींसकट वाचावा: तेथे तोडलेले लाकूड सोन्यारुप्याने मढवून खिळ्यांनी पक्के केले जाते, त्याला बोलता येत नाही, त्याला उचलून न्यावे लागते. ते मूर्तीचे वर्णन आहे. घरात झाड सजवण्याची प्रथा जर्मन मुलखातली. स्ट्रासबर्गमध्ये १६०५ साली कागदी गुलाब आणि सफरचंदे लावल्याची नोंद मिळते.

मात्र सगळेच आरोप खोटे आहेत असे म्हणून सुटका करून घेऊ नये. पोप ग्रेगरी यांनी इ. स. ६०१ मध्ये इंग्लंडकडे निघालेल्या मेलिटस या मिशनऱ्याला लिहिले की मूर्ती मोडाव्यात पण मंदिरे पाडू नयेत, आणि बैलांच्या बळींच्या जागी मेजवान्या ठेवाव्यात. मंडळीने जुन्या चालीरीती जाणूनबुजून वळवून घेतल्या, हे त्यावरून स्पष्ट दिसते. म्हणून दुसरी बाब, म्हणजे आज भक्ती कोणाची होते, ही माझ्या मते मुळापेक्षा वजनदार आहे. नारायण वामन टिळकांनी प्रभूची भक्ती अभंगांत गायली, कीर्तनात आणली. टाळ आणि तबला मुळात कोणाच्या देवळात वाजले हे आज उपासनेत कोणी विचारत नाही. ‘रविवार’ या नावातही सूर्यच आहे. या शहराला तर १८९० चे पंचहौद मिशनचे चहा प्रकरण ठाऊक आहे: ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतला, एवढ्यावरून लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांना प्रायश्चित्ताचा प्रश्न सोसावा लागला. वस्तू आली कोठून एवढेच पाहिले, की विचार या वळणावर जातो.

तरीही दुसऱ्या बाबीला खरी सीमा आहे. जुन्या करारातील अनुवाद या पुस्तकात (१२:३०-३१) इतर लोक आपल्या देवांची सेवा कशी करतात ते पाहून परमेश्वराची तशी सेवा करू नये अशी ताकीद आहे. ती डावलता येत नाही. पुण्यात ती २५ डिसेंबरला नव्हे, तर दिवाळीत कसोटीला लागते. शेजारच्या काकू फराळाचे ताट देतात, ते घ्यावे; आरतीचे ताट हाती घेऊन ओवाळायला बोलावतात, तेव्हा नम्रपणे मागे राहावे; प्रसाद म्हणून सांगून दिले, तर पौलाने करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १० व्या अध्यायात दिलेली रीत लागू होते: बाजारातले असेल तर चौकशी न करता खावे, पण हे अर्पण केलेले आहे असे कोणी सांगितले, तर सांगणाऱ्यासाठी खाऊ नये. काकूंना हे एकदा शांतपणे समजावले, की पुढच्या वर्षी त्या चकल्या वेगळ्या डब्यात देतात.

शास्त्रात आज्ञा नसलेला सण मुळातच गैर, असा मुद्दा आला तर योहान १०:२२ काढावे. मंदिराच्या शुद्धीकरणाच्या स्मरणार्थ मक्काबी या यहुदी लढवय्यांच्या काळात सुरू झालेल्या सणाच्या दिवसांत येशू मंदिरात फिरत होता, आणि त्या सणाची आज्ञा मोशेने दिलेली नव्हती.

तिसऱ्या बाबीसाठी रोमकरांस पत्राचा १४ वा अध्याय सर्वांनी मिळून वाचावा. एक जण एखादा दिवस विशेष मानतो, दुसरा सारे दिवस सारखे मानतो, आणि प्रत्येकाची आपल्या मनाची पक्की खात्री असावी असे तेथे म्हटले आहे. न पाळणाऱ्याला विक्षिप्त ठरवण्याआधी हेही लक्षात घ्यावे की मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटनांनी (कडव्या प्रॉटेस्टंटांनी) १६५९ मध्ये नाताळ पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंड ठेवला होता आणि स्कॉटलंडमध्ये नाताळची सार्वजनिक सुट्टी १९५८ मध्ये आली. ही भूमिका जुनी आहे आणि प्रामाणिक माणसांनी घेतलेली आहे. फक्त तिचा दंड इतरांना बसवू नये.

सांताक्लॉज आणि सोसायटीतला हॅलोविन यांच्यावर दहा मिनिटांपेक्षा जास्त घालवू नयेत. मुलांना खोटे सांगायचे की नाही, एवढेच ठरवले की पुरते.

शेवटी कागद भरून झाला की तो पाळकांना दाखवावा, आणि ही बैठक आगमनकालाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीच्या काळाच्या, पहिल्या रविवारापूर्वी उरकावी, कारण कॅरल पार्टी दारात उभी असताना धर्मशास्त्र शांतपणे बोलता येत नाही. आमच्या कागदावर उपासना, फराळ आणि तारा राहिले, सांताक्लॉज गेला. मामेभाऊ आजही २५ तारखेला येत नाही. २७ तारखेला आम्ही करंज्यांचा डबा घेऊन त्याच्या घरी जातो, तो चहा ठेवतो आणि जेवणाआधीची प्रार्थना आम्ही त्यालाच करायला सांगतो.