टेकओव्हरमधली लव्हस्टोरी लिहायचीय? मग आधी टेकओव्हर नीट समजून घ्या

ऑनलाइन मराठी कथांमध्ये सध्या बिझनेसवाले हिरो-हिरोइन भरपूर दिसतात, दोघं कट्टर रायव्हल, एकाची कंपनी दुसरा गिळायला निघालेला आणि मधेच प्रेम. मला हा प्रकार मनापासून आवडतो, पण वाचताना जीव तुटतो, कारण टेकओव्हर तिथे नुसता नावाला असतो. काचेची केबिन, काळी गाडी, एक मीटिंग आणि "तुझी कंपनी आता माझी", संपलं. खरा टेकओव्हर असा एका मीटिंगमध्ये होत नाही, तो महिनोन्‌महिने चालतो, आणि तो ज्या पद्धतीने चालतो त्यातच प्रेमकथेला लागणारा सगळा ताण आयता मिळतो.

सगळ्यात आधी हिरोइनची कंपनी शेअर बाजारात लिस्टेड करा, म्हणजे तिचे शेअर बाजारात कोणीही घेऊ शकेल अशी, कारण घरच्या प्रायव्हेट कंपनीवर बाहेरच्याला मालकांच्या मर्जीविरुद्ध सहसा कब्जा घेता येत नाही. लिस्टेड असेल तर सेबीचे (शेअर बाजारावर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) २०११चे टेकओव्हरचे नियम लागतात. कंपनीतल्या हिश्शाची २५ टक्क्यांची रेषा ओलांडायचा करार केला की बाकीच्या शेअरहोल्डरांकडून किमान २६ टक्के घेण्याची ओपन ऑफर द्यावीच लागते आणि त्याच दिवशी जाहीर घोषणा करावी लागते. म्हणजे हिरोने तिच्या काकांकडून गुपचूप २५ टक्के घेतले आणि सहा महिने तिला पत्ताच नाही, असं लिहू नका प्लीज, ते होत नाही.

पण काकांनी विकले हे मात्र जरूर लिहा. २००८ मध्ये इमामीने झंडू घ्यायला घेतली तेव्हा हेच झालं होतं. दादरची जुनी कंपनी, वैद्य आणि पारीख अशी दोन कुटुंबं, वैद्यांनी आपला सुमारे २४ टक्के हिस्सा इमामीला विकला आणि पारीख लढायला उभे राहिले. इमामीने वैद्यांना शेअरमागे ६,९०० रुपये दिले होते आणि त्याच वर्षी पारीखांशी तडजोड झाली तेव्हा भाव १५,००० वर गेला होता. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात, ते हे. तुमच्या हिरोइनला हिरोचा राग येईलच, पण काकांचा राग त्याहून मोठा असेल, आणि घरातलं कोणीच बोलायला उरलं नाही की ती नाइलाजाने ज्याच्याशी बोलते तो नेमका समोरच्या पार्टीचा माणूस असतो. प्रेम इथे सुरू करा, लिफ्टमध्ये धडकून नको.

आता कॅलेंडर. घोषणेनंतर पाच वर्किंग डेजमध्ये सविस्तर जाहिरात पेपरात द्यावी लागते, इंग्रजी, हिंदी आणि कंपनीच्या गावच्या भाषेतल्या पेपरातही. कंपनी कोल्हापूरची असेल तर ती जाहिरात मराठीत येणार. सकाळी आजोबा चष्मा पुसून पेपर उघडतात, बारीक अक्षरातलं आख्खं पान, वर आपल्या कंपनीचं नाव आणि खाली घेणाऱ्याचं, ती चहाचा कप घेऊन दारात उभी, आणि आजोबा मान वर न करता विचारतात, "हाच का गं तो, परवा तुला सोडायला आलेला?" एवढा सीन नीट लिहिलात तरी अर्धं काम झालं.

जाहिरातीनंतर १५ वर्किंग डेजमध्ये तिसरा कोणी स्पर्धक ऑफर आणू शकतो, म्हणजे तिला वाचवायला येणारा दुसरा नायक हवा असेल तर त्यालाही वेळेचं बंधन आहे. शेअरहोल्डरांना ऑफरमध्ये आपले शेअर द्यायची मुदत १० वर्किंग डेज. आणि त्या काळात तिची बाजूही बांधलेली असते, शेअरहोल्डरांच्या विशेष ठरावाशिवाय कंपनीची मोठी मालमत्ता परस्पर विकून टाकता येत नाही. २०१९ मध्ये एल अँड टीने माइंडट्री या आयटी कंपनीतला, कॅफे कॉफी डेचे व्ही. जी. सिद्धार्थ यांचा सुमारे २० टक्के हिस्सा ९८० रुपये भावाने घेतला तेव्हा माइंडट्रीत बायबॅकचा, म्हणजे कंपनीनेच आपले शेअर परत विकत घेण्याचा, विचार झाला आणि मग तो सोडून दिला गेला. शेवटी एल अँड टीकडे बहुमत गेलं आणि जुलैत संस्थापकांनी राजीनामे दिले.

मला सगळ्यात जवळचा वाटतो तो रिटायर्ड कामगारांचा प्रश्न. ज्यांनी हजार-पाचशेचे शेअर तीस वर्षं कपाटात ठेवले त्यांना हिरोचा भाव म्हणजे मुलीचं लग्न किंवा गावचं घर. हिरोइन त्यांच्या दारात जाऊन "देऊ नका" म्हणते तेव्हा ती त्यांचं नुकसान करतेय का? हिरोची ऑफर खरंच चांगली असू द्या. तो व्हिलन असेल तर प्रेमात पडणं सोपं नाही, पण तो बरोबर असेल तर तिची खरी पंचाईत होते.

मग गुपित. जाहीर न झालेली किंमत, वाढीव ऑफरचा विचार, हे सगळं इनसायडर ट्रेडिंगच्या, म्हणजे आतल्या माहितीवर शेअर घेण्या-विकण्याच्या, कायद्यात बसतं. त्याने रात्री फोनवर प्रेमाने "थोडं थांब, भाव वाढणारे" एवढं म्हटलं तरी तो गुन्ह्याच्या वाटेवर आहे आणि तिने त्यावर भावाला शेअर घ्यायला लावले तर दंड किमान १० लाख, वर २५ कोटी किंवा नफ्याच्या तिप्पट, जे जास्त असेल ते. अशी आतली माहिती हाताळणाऱ्यांना कंपनीच्या फॉर्मवर जवळच्या नातेवाइकांची नावं पॅनसकट द्यावी लागतात, आणि २०२४च्या डिसेंबरमधल्या दुरुस्तीनंतर त्यांच्यासोबत एका घरात राहणारी व्यक्तीही कनेक्टेड, म्हणजे आतली माहिती मिळू शकणारी, मानली जाते. म्हणून ते एकत्र राहायला लागले की गोष्ट पूर्ण बदलते. त्यांचं भांडण गैरसमजावर उभं करू नका, "तुला माहीत होतं आणि तू सांगितलं नाहीस" यावर करा, कारण त्याला सांगताच येत नव्हतं आणि हे तिलाही कळतं, तरी दुखतंच.

संवादात घाई नको. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर दोघं "तुम्ही" आणि "मॅडम" वरच राहू द्या, आणि भर बोर्डरूममध्ये रागाच्या भरात तिच्या तोंडून "तू" निघून जाऊ दे, सगळे वकील बघतायत.

डील झाल्यावर तो तिचा बॉस होतो हे विसरू नका. आतापर्यंत बरोबरीचे होते, आता तिचा पगार त्याच्या सहीवर. तिने राजीनामा द्यावा, त्याने त्या कंपनीच्या कारभारातून बाजूला व्हावं, की दोघांनी बोर्डाला स्वतःहून सांगावं, यातलं काहीतरी लग्नाच्या आधी घडायलाच हवं.

ड्राफ्ट झाला की ओळखीतल्या एखाद्या कंपनी सेक्रेटरीला (कंपनीचं कायदेशीर कागदकाम बघणारा) वाचायला द्या आणि फक्त तारखांचा क्रम तपासायला सांगा, प्रेमाचा भाग तो आपोआप वाचेल.