सांडगी मिरची : मोठ्या तोड्याची सोय
मिरच्यांचा तोडा एकदम मोठा निघाला, तर त्यांतील जाड सालीच्या, मध्यम तिखट हिरव्या मिरच्या सांडग्यांसाठी वेगळ्या काढाव्यात. त्या धुऊन पूर्ण कोरड्या कराव्यात, देठ राखून एकाच बाजूने उभी चीर द्यावी आणि धणे, जिरे, भाजलेली मेथी, हिंग, हळद व जरा सढळ मीठ यांची भरड आत दाबून भरावी. तत्पूर्वी हातांना तेल चोळलेले बरे. भरलेल्या मिरच्या रात्री आंबट ताकात बुडवून दिवसा कडक उन्हात वाळवाव्यात आणि ताक मुरून संपेपर्यंत हाच क्रम चालू ठेवावा. देठाजवळचा भाग सर्वांत उशिरा वाळतो व बुरशी तिथूनच धरते, म्हणून तो कट्कन मोडल्याखेरीज मिरच्या बरणीत भरू नयेत. पावसाळी हवेत हा खटाटोप करूच नये.