हेड-नेक सुरू व्हायच्या आधी काय काय हाताशी हवं

ज्युनियर मंडळींनो, ॲनाटॉमीतले हातपाय झाले, आता हेड-नेक (डोकं आणि मान) येतंय म्हणून सगळ्यांचे चेहरे उतरलेत ते मेसमधे दिसतंच आहे. तर मी सांगते ती तयारी करून ठेवा, यात पीडीएफ गोळा करणं नाहीये, ते तुम्ही न सांगता करताच. पहिली आणि मुख्य गोष्ट म्हणजे मेंदूतून निघणाऱ्या बारा नर्व्ह (मज्जातंतू) पाठ करायला घेऊ नका, आधी भोकं शिका. कवटीला कुठलं भोक कुठे आहे, आतून कुठे सुरू होतं आणि बाहेर कुठे उघडतं हे बोटांना कळलं ना, की नर्व्ह, आर्टरी (धमनी), व्हेन (शीर) सगळं त्यात ओवता येतं. उलटं केलंत तर नुसती नावं राहतात, आणि ती व्हायवाच्या (तोंडी परीक्षेच्या) टेबलाशी पोचेपर्यंत उडून जातात.

म्हणजे हातात कवटी पाहिजे. डिपार्टमेंटमधून बोन सेट इश्यू होत असेल तर पहिल्या आठवड्यातच नाव लावा, नंतर नंबर लागत नाही. नाही मिळाली तर प्लास्टिकचं मॉडेल चालेल, फक्त घेताना उजेडासमोर धरून बघा, स्वस्त मॉडेलमधे बारीक भोकं नुसती खुणेपुरती असतात, आरपार नसतात, आणि आरपार नसेल तर आपल्या काहीच कामाचं नाही. खरी कवटी असेल तर ती कुणाची तरी आहे हे विसरू नका, तिच्यासोबत सेल्फी वगैरे अजिबात नको. डोळ्याच्या खोबणीत बोटं घालून उचलायची नाही, झायगोमॅटिक आर्च (गालापासून कानाकडे जाणारी हाडाची कमान) धरून तर नाहीच, ती कमान मोडते. दोन्ही तळव्यांवर घ्यायची, आणि टेबलावर ठेवायला जुन्या ओढणीची चुंबळ करा, मस्त बसते, लोळत नाही.

आणि पाऊस! आमचं हेड-नेक नेमकं जून-जुलैत आलं, तुमचंही तसंच येणार, आणि कोकणातल्या पावसात चपलेला बुरशी येते तिथे हाडांची काय कथा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कपाटात कोंबू नका, आत घाम धरतो. पंख्याखाली ठेवा, सुती कापडात गुंडाळा, बुटाच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या जमवून सोबत टाका. व्हिडिओ लाईट आणि रेंज असतानाच डाउनलोड करून ठेवा, पहिल्या मोठ्या वादळी पावसात दोन्ही एकदमच जातात. टॉर्च तर हवाच, तो प्युपिल (डोळ्याची बाहुली) बघायलाही लागणारे.

गणपतीला घरी जाताना खरी कवटी नेऊ नका बरं का. अभ्यास होणार नाहीच, शिवाय आजी तुम्हाला पडवीतसुद्धा येऊ देणार नाही.

आता भोकांची हत्यारं. लोक पाईप क्लीनर वगैरे मागवतात, काही गरज नाही, खराट्यातले चार हीर काढून घ्या. माडाचा हीर टोकाला बारीक, थोडा लवचिक, फोरामेन स्पायनोझम (फोरामेन म्हणजे भोक) इतक्या बारीक भोकातूनही जातो. जोर मात्र लावायचा नाही, क्रिब्रिफॉर्म प्लेट (नाकाच्या छताची चाळणीसारखी पट्टी) आणि डोळ्याच्या खोबणीचं छत अगदी पातळ असतं, उजेड पलीकडे दिसतो इतकं. सोबत तीन-चार रंगांची लोकर घ्या, लाल आर्टरीला, निळी व्हेनला, पिवळी नर्व्हला. मग कवटी सरळ धरायला शिका. खोबणीची खालची कड आणि कानाच्या भोकाची वरची कड एका आडव्या पातळीत आली पाहिजे, हे जर्मनीतल्या फ्रँकफर्टला ठरलं म्हणून त्याला फ्रँकफर्ट प्लेन म्हणतात, आणि व्हायवाला कवटी हातात दिली की परीक्षक आधी तुम्ही ती कशी धरता ते बघतात. हाडं २२, मेंदूभोवतीची ८ आणि चेहऱ्याची १४, कानातली ६ धरलीत तर २८, हे एका संध्याकाळचं काम आहे, त्यात आठवडा घालवू नका.

वेळ द्यायचा तो आतल्या तळाला. कवटीचं झाकण काढलं की पुढे, मधे, मागे अशा तीन पायऱ्या उतरत जातात. मधल्या पायरीवर स्फीनॉइड नावाच्या हाडामधे रोटंडम, ओव्हेल, स्पायनोझम अशी तीन भोकं पुढून मागे, मधल्या रेषेकडून कडेला अशी तिरक्या ओळीत आहेत. पहिल्यातून मॅक्सिलरी, दुसऱ्यातून मँडिब्युलर (पाचव्या नर्व्हच्या वरच्या आणि खालच्या जबड्याकडे जाणाऱ्या फांद्या), तिसऱ्यातून मिडल मेनिंजियल आर्टरी (मेंदूच्या आवरणाची धमनी). हीर रोटंडममधून घातलात तर तो खाली येत नाही, सरळ पुढे जातो, आणि ओव्हेलमधून घातलात तर कवटीच्या बुडाला बाहेर पडतो, हा फरक एकदा डोळ्यांनी बघितला की टेरिगोपॅलेटाइन फॉसा (वरच्या जबड्यामागची फट, जिथे रोटंडममधला हीर पोचतो) नावाचं भूत अर्धं उतरतं. मग त्या आर्टरीची खाच आतल्या भिंतीवर बोटाने शोधा, ती वर जाते आणि टेरिऑनच्या मागेच असते, जिथे फ्रंटल, परायटल, स्फीनॉइड, टेम्पोरल अशी चार हाडं भेटतात. बाहेरून झायगोमॅटिक आर्चच्या मध्यापासून साधारण चार सेंटिमीटर वर. हाड तिथे पातळ. आपल्याकडे आंब्याच्या सीझनला कलमावरून पडणारे, नारळ काढताना पडणारे, हायवेवर हेल्मेट न घालता पडणारे, यांच्यातला एखादा पडल्यावर उठतो, बोलतो, चहा पितो आणि काही तासांनी बेशुद्ध होतो, तेव्हा बऱ्याचदा हीच आर्टरी फाटलेली असते आणि रक्त ड्युराच्या (मेंदूच्या सगळ्यात बाहेरच्या आवरणाच्या) बाहेर साठत असतं. म्हणून डोक्याला मार लागलेल्याला 'बरा आहे, झोपू दे' म्हणायचं नाही.

बाकीची भोकं भराभर: सुपिरियर ऑर्बिटल फिशरमधून (डोळ्याच्या खोबणीच्या मागच्या फटीतून) ३, ४, ६ नंबरच्या नर्व्ह आणि ५ ची पहिली फांदी, म्हणजे डोळा हलवणारं सगळं खातं तिथून. इंटर्नल ॲकूस्टिक मिएटसमधे (आतून कानाकडे जाणाऱ्या भोकात) ७ आणि ८ जोडीने. ज्युग्युलर भोकातून ९, १०, ११. बारावीला स्वतःचा हायपोग्लॉसल कॅनाल. गंमत म्हणजे १६६४ मधे थॉमस विलिस या इंग्रज डॉक्टरने नर्व्हच्या नऊच जोड्या मोजल्या होत्या, कारण सातवी-आठवी त्याने एक धरली आणि नववी-दहावी-अकरावी मिळून एक, म्हणजे एका भोकातून जाणाऱ्या एकत्र! बाराचा हिशोब सोमरिंग या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने १७७८ मधे मांडला. मी भोकांच्या मागे का लागले ते कळलं ना.

आता बारा नावांच्या क्रमासाठी इंग्रजी वाक्यं फिरतात ती निम्मी चावट, निम्मी लक्षात न राहणारी. आमच्या रूमवरचं घ्या: 'ओल्या ओटीवर ओळीनं ताईनं टाकली आमसुलं, फणसाची वाटी घेऊन वहिनी आली हसत.' ओल्फॅक्टरी, ऑप्टिक, ऑक्युलोमोटर, ट्रॉक्लियर, ट्रायजेमिनल, अब्ड्यूसेन्स, फेशियल, व्हेस्टिब्युलोकॉक्लियर, ग्लॉसोफॅरिंजियल, व्हेगस, ॲक्सेसरी, हायपोग्लॉसल. ओल्या ओटीवर आमसुलं कोण टाकतं, असा प्रश्न पडला की समजा पाठ झालं. १, २, ८ नुसत्या सेन्सरी (संवेदना आणणाऱ्या), ५, ७, ९, १० मिक्स, उरलेल्या मोटर (स्नायू हलवणाऱ्या). आणि मुळं कुठे, तर ३-४ मिडब्रेन, ५ ते ८ पॉन्स, ९ ते १२ मेड्युला (हे तीन ब्रेनस्टेमचे, म्हणजे मेंदूच्या देठाचे, वरून खाली भाग), पहिल्या दोघी वरच्या मेंदूच्या. चौथी एकटीच ब्रेनस्टेमच्या पाठीमागून निघते, ती नक्की विचारतात.

मेंदूसाठी डिसेक्शन हॉलवर अवलंबून राहू नका, तिथे एका मेंदूभोवती वीस डोकी असतात आणि तुम्हाला पुढच्याची वेणी दिसते. मटणवाल्याकडून बकऱ्याचा भेजा आणा, आदल्या दिवशी सांगून ठेवा की अख्खा पाहिजे, दोन फाकी करू नका, आणि हे श्रावण लागायच्या आत उरका, नंतर दुकानं थंड असतात. (जे खात नाहीत त्यांनी पार्टनर शोधा, कापणारा एक, नावं घेणारा एक.) घरी आणून थोडा वेळ फ्रीजमधे ठेवला की घट्ट होतो, नाहीतर सुरीला चिकटतो. वरचा पातळ रक्तवाहिन्यांचा पापुद्रा म्हणजे पिया-ॲरॅक्नॉइड, चिमट्याने सोलून बघा. उलटा केलात की ऑप्टिक कायॅझ्मचा (दोन्ही डोळ्यांच्या नर्व्ह एकमेकींना छेदतात त्या जागेचा) फुलीसारखा आकार लगेच दिसतो. बकऱ्याचे ओल्फॅक्टरी (वासाचे) बल्ब चांगले ठळक असतात, माणसाचे त्यामानाने किरकोळ, आणि सेरेबेलम (लहान मेंदू) आपल्यासारखा खाली नसून मागे असतो. पिट्युटरी ग्रंथी शोधत बसू नका, ती बहुतेक वेळा कवटीतच राहिलेली असते. मधोमध उभा चिरलात की व्हेंट्रिकल (मेंदूतल्या पोकळ्या) उघडतात, तिथे सीएसएफचा (मेंदूच्या आत-भोवती फिरणाऱ्या पाण्याचा) रस्ता बोटाने चाला: लॅटरल, मन्रो, थर्ड, ॲक्विडक्ट, फोर्थ, आणि मग लुश्का-मॅजेंडीतून बाहेर. माणसात ते एका वेळी साधारण १५० मिली असतं आणि दिवसाला ५०० च्या आसपास तयार होतं, म्हणजे वाट तुंबली की काय होतं ते वेगळं सांगायला नको. ग्लोव्हज घाला, सुरी वेगळी ठेवा, आणि नंतर तो भेजा परत कढईत जाणार नाही याची घरच्यांना खात्री द्या.

वाडीत कुणाकडे तान्हं बाळ असेल तर एकदा न्हाऊ घालताना जाऊन बसा. टाळूवर तेल जिरवतात ना, तोच अँटिरियर फॉन्टॅनेल, पतंगाच्या आकाराचा, साधारण दीड वर्षाला भरतो. आईला विचारून हलक्या बोटाने बघा, ठोके लागतात. जुलाबांनी बाळ सुकलं की टाळू आत जाते हे आपल्या आज्यांना माहीतच असतं.

शेवटी नर्व्ह टेस्टिंगची तयारी, ही रूममेटवर करायची. वासासाठी कॉफी, लवंग, बंद डब्यांत. झेंडू बाम नको, तो झोंबतो, आणि झोंबणं हे पाचवीचं काम, पहिलीचं नाही. आठवीसाठी (ऐकणं आणि तोल) एक टीप, ढोम्याचं डोकं खाताना दाताखाली पांढरा खडा येतो तो फेकू नका, तो ओटोलिथ, माशाच्या कानातला. आपल्या कानात त्याच जातीचे पण अगदी सूक्ष्म कण असतात, आणि ते जागेवरून सुटले की कुशीवर वळताना घर गरगर फिरतं. सातवीसाठी (चेहऱ्याच्या स्नायूंची नर्व्ह) भुवया वर करायला सांगा. एसटीच्या खिडकीत वारं लागलं आणि तोंड वाकडं झालं म्हणून गावात पाला बांधतात, तिथे आधी कपाळ बघायचं: त्या बाजूला आठ्याच पडत नसतील तर दोष बहुधा नर्व्हमधे, आणि तोंड वाकडं पण आठ्या शाबूत असतील तर मेंदूतला झटका असू शकतो, लगेच मोठ्या दवाखान्यात. खरं तर दोन्हीत डॉक्टरकडेच जायचं, पण दुसऱ्यात मिनिटं मोजायची. दहावीला 'आ' करा, पडजीभ चांगल्या बाजूला ओढली जाते. बारावीला जीभ बाहेर काढा, ती बिघडलेल्या बाजूला वळते. या दोघींची गल्लत सगळ्यांची होते, म्हणून वहीत चित्र काढा, वाक्य लिहू नका.

बाकी किरकोळ: जर्नलच्या सह्या स्टेजच्या (त्या भागाच्या परीक्षेच्या) आदल्या दिवसावर ठेवू नका, ॲप्रन पावसात वाळत नाही तेव्हा दोन ठेवा, नखं कापा. आणि हीर जपून ठेवा, परीक्षेच्या टेबलावर पॉइंटर नसला की पेनाने दाखवायला जाता आणि कवटीवर शाईची रेघ उमटते, ती ओरडा खायला पुरते.